शिडाच्या बोटीवरची सुट्टी: आपल्या क्रूला झेपेल असा समुद्र कसा निवडावा

सेलिंगच्या सुट्टीचा बेत बहुतेक वेळा एखाद्या फोटोवरून सुरू होतो. पांढरी घरं, निळे घुमट, आणि लगेच ठरतं की ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर जायचं. फोटोत न दिसणारी वेळ असते दुपारी साडेचारची. वीस नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटरचा, वारा आडवा लागलाय, धक्क्यावर दोनच जागा उरल्यात आणि बोटीवरच्या सहा जणांपैकी दोघांनाच कोणता दोर कुठे बांधायचा ते ठाऊक आहे. सुट्ट्या भर समुद्रात क्वचित बिघडतात, त्या बिघडतात धक्क्याजवळच्या शेवटच्या अर्ध्या तासात. म्हणून प्रदेश निवडताना वाऱ्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: तिथे रोज संध्याकाळी बोट कशी लावतात, आणि ती लावायला किती माणसं लागतात?

आधी कामाचे हात मोजा

कागदावर सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे प्रामाणिकपणे उत्तरं लिहा. वारा लागलेला असताना हा माणूस अर्धा तास सुकाणू धरू शकतो का? बोलाईन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी न बघता मारता येतात का? नांगर टाकताना साखळी किती सोडली ते मोजून सांगू शकतो का? पोहता येतं का? घाटात गाडी लागते का? शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. ज्याला घाटात मळमळतं, त्याला दीड मीटरच्या आडव्या लाटेत बहुधा मळमळणारच.

एकदा सांगितल्यावर काम जो निमूट आणि नीट करतो, तो कामाचा हात. बारा वर्षांखालची मुलं यात मोजू नका. मुलांना सांभाळणारा आई-बाबांपैकी एक जणही मोजू नका, कारण बोट धक्क्याला लागत असते नेमकं तेव्हाच मुलांकडे लक्ष लागतं. मळमळतं हे सांगायची लाज वाटणारा, त्यामुळे "मी ठीक आहे" म्हणणारा काकाही नको. उरतील ते तुमचे खरे हात. आठ जणांच्या गटात ते अनेकदा दोन किंवा तीनच निघतात.

स्किपरचाही, म्हणजे बोटीच्या कप्तानाचाही, हिशेब असाच करा. आरवायएच्या (ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या) डे स्किपर अभ्यासक्रमाला येण्याआधी उमेदवाराने किमान 5 दिवस, 100 सागरी मैल (एक मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर) आणि रात्रीचे 4 तास समुद्रावर काढलेले असावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे प्रमाणपत्र हातात पडलेल्या माणसाचा एकूण अनुभव कधीकधी दोन आठवड्यांचाच असतो. ओळखीच्या, आडोशाच्या पाण्यात दिवसाउजेडी बोट नेण्यासाठी ते प्रमाणपत्र आहे. ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या, ऑगस्टमधल्या एजियन समुद्रासाठी नाही.

मुंबईत शिकलेल्यांना काय येतं, काय येत नाही

गेटवेसमोर सेलिंग शिकलेल्या माणसाची तयारी जरा वेगळी असते. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीचा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे पाण्याची ओढ, तासाचं गणित आणि गढूळ उथळ पाणी त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. दुपारी चढणारा खारा वारा, मच्छीमारांची जाळी, जहाजांची वर्दळ हेही. पण बोट तिथे बहुधा मुरिंगच्या बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते आणि सेलिंग काही तासांचं असतं. नांगर टाकून धक्क्याकडे मागे मागे जायचं आणि बोटीची पाठ धक्क्याला लावायची, ही भूमध्य समुद्रातली रोजची कसरत त्याने कधी केलेलीच नसते.

म्हणून मुंबईत तयार झालेल्या क्रूला पहिल्या सुट्टीसाठी आम्ही ग्रीसच्या आधी थायलंडमधला फांग न्गा उपसागर सुचवू. फुकेतच्या पूर्वेला हा उपसागर आहे. चुनखडीची उभी बेटं एकमेकांपासून पाच-दहा मैलांवर, पाणी उथळ, तळाला चिखल, त्यामुळे नांगर चांगला धरतो. रात्री कुठेही धक्क्याला लावायची गरज नाही, बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा आणि डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, किनाऱ्यावर जायचं. डिसेंबर ते मार्च ईशान्य मोसमी वारा असतो, साधारण 10 ते 20 नॉट, आणि उपसागरात लाट फारशी उठत नाही. भरती-ओहोटीचा फरक उधाणाला तीन मीटरच्या आसपास जातो. मुंबईकराला त्यात नवीन काही नाही, पण भूमध्य समुद्रावर शिकून आलेला माणूस इथेच फसतो: डिंगी वाळूवर ओढून ठेवतो, जेवून परततो, तर पाणी शंभर मीटर मागे गेलेलं आणि डिंगी इंजिनासकट चिखलात. बेटांच्या पोटातल्या 'हाँग' म्हणतात त्या तळ्यांमध्ये गुहेतून जायचं तर ओहोटीचं वेळापत्रक हातात हवं. भरती चढली की गुहेचं तोंड बंद होतं. रात्री मात्र नांगर उचलू नका, मासेमारीच्या जाळ्यांचे बिनदिव्याचे तरंगते डबे इंजिनाच्या पंख्यात अडकतात. मे ते ऑक्टोबर हा नैऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ, तेव्हा फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरचे नांगर टाकायचे उपसागर उघडे पडतात. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: तिथल्या खानावळीत भाजीतही मासळीचा सॉस असतो, तेव्हा पिठलं-भाताची शिधासामग्री बोटीवर ठेवा.

आठवड्यातले खरे दिवस

चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेली बोट, बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असतं. शनिवारी बोट हातात येते दुपारी चार-पाचला. तपासणी, सही-शिक्के, किराणा यात अंधार पडतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परत तळावर यावं लागतं. म्हणजे सात दिवसांच्या पैशात सेलिंगचे दिवस सहा, आणि त्यातला एक वाऱ्यासाठी राखून ठेवायचा. हातात राहिले पाच.

चाळीस फुटी बोटीचा सरासरी वेग पाच नॉट धरा. 20 मैल म्हणजे चार तास. पण वारा नाकासमोरून असेल तर झिगझॅग जावं लागतं, तेच 20 मैल पाण्यावर 28 होतात, लाटेमुळे वेगही पडतो आणि चार तासांचे सात होतात. नवख्या क्रूसाठी दिवसाला 10 ते 15 मैल पुरेत. दोन मोसम केलेल्या गटाला 20 ते 25 जमतात. त्यापुढचं अंतर आखायचं तर सुकाणू धरणारे किमान तीन जण हवेत.

वाऱ्याबाबत एक भौतिकशास्त्राची गोष्ट सगळ्यांना समजावून सांगा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. दहा नॉटमध्ये चहा पीत केलेलं काम वीस नॉटमध्ये चौपट जोराने अंगावर येतं. 15-16 नॉटला पहिला रीफ घेतलेला, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान केलेला, गट आनंदात असतो. 22 नॉटपर्यंत थांबलेला गट त्याच कामासाठी आरडाओरडा करत असतो.

दोन-तीन कामाचे हात असतील तर: आयोनियन

ग्रीसचा पश्चिम किनारा. लेफ्काडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी तळ्यासारखं आडोशाचं आहे. उन्हाळ्यात वायव्येकडून 'माइस्त्रो' नावाचा वारा येतो. सकाळी पाणी आरशासारखं, बारा-एकच्या सुमारास वारा उठतो, दुपारी 12 ते 20 नॉटपर्यंत चढतो आणि सूर्यास्ताला पडतो. कोकणातल्या दुपारच्या वाऱ्याशी ओळख असलेल्याला हे वेळापत्रक लगेच समजतं. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच.

लेफ्कास मरिनावरून निघून मेगानिसी, कालामोस, इथाकावरचं किओनी, केफालोनियावरचं फिस्कार्डो, लेफ्काडाच्या दक्षिणेचं सिवोता आणि परत, असा आठवडा आखला तर कोणताही टप्पा 15 मैलांच्या आसपासच राहतो. वारा नाहीच चढला तर इंजिनवरही दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येतं. बऱ्याच छोट्या बंदरांत खानावळीची माणसं दोर घ्यायला धक्क्यावर येतात. नवख्या क्रूला तो एक जास्तीचा हात सोन्यासारखा वाटतो.

इथेही दोन जागा सांभाळा. इथाकाच्या वाथी बंदराकडे जाणाऱ्या खाडीत आणि केफालोनियाच्या आयिया एफिमियामध्ये दुपारनंतर डोंगरावरून वाऱ्याचे झोत कोसळतात. बाहेर 15 नॉट आणि आत 25, असा उलटा प्रकार. तिथे दुपारी दोनच्या आत पोहोचा, नाहीतर दुसरी जागा बघा. फिस्कार्डोला जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर धक्का भरलेला असतो. मे-जून किंवा सप्टेंबर निवडलात तर निम्मी अडचण संपते.

एकच जाणकार आणि बाकी घरची मंडळी असतील तर याच पाण्यात फ्लोटिला घ्या. आठ-दहा बोटींचा ताफा, पुढे कंपनीची बोट, रोज सकाळी वाऱ्याची आणि मार्गाची माहिती, आणि संध्याकाळी बोट लावताना धक्क्यावर कंपनीचा माणूस उभा. फ्लोटिला म्हणजे कमीपणा असं मानणाऱ्यांनी पहिल्या दिवशी धक्क्यावर काय चालतं ते नुसतं बघावं.

बोट पाठीने लावणं: इथेच परीक्षा

धक्क्यापासून तीन ते चार बोटींच्या लांबीवर, म्हणजे साधारण 40 ते 50 मीटर आधी, नांगर टाकायचा. बोट सरळ मागे घ्यायची आणि साखळी तिच्या वेगाने सोडत राहायची. मागचे दोन्ही दोर आधीच रेलिंगच्या बाहेरून फिरवून गुंडाळून हातात. फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून लावायच्या हवा भरलेल्या उशा, दोन्ही बाजूंना. धक्का दोन मीटरवर आला की थांबून वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी द्यायचा, मग दुसरा, मग साखळी ओढून ताण घ्यायचा.

चुकतं ते ठरलेल्या जागी. नांगर फार जवळ टाकला तर साखळी कमी पडते, रात्री वारा आला की नांगर घसरतो आणि सुकाणू धक्क्यावर आपटतं. साखळीवरचा माणूस घाबरून मध्येच थांबला की बोटीचं नाक वाऱ्याबरोबर वळतं आणि बोट शेजारच्या बोटीवर आडवी होते. दुसऱ्याच्या साखळीवर आपली टाकली तर सकाळी तो निघताना तुमचा नांगर उपटून नेतो. म्हणून चार जागा भरलेल्या हव्यात: सुकाणूवर एक, साखळीवर एक, मागच्या दोन दोरांवर दोन. पाचवा एक फेंडर हातात धरून फिरता असेल तर उत्तम. दोनच हात असतील तर वारा उठायच्या आत, दुपारी एकपर्यंत, रिकाम्या धक्क्यावर पोहोचा. बारा मीटरची बोट लावायला तेव्हा शंभर मीटर मोकळे असतात.

चार हात आणि एखादा मोसम झाला असेल तर

अथेन्सजवळचा सारोनिक उपसागर: आयिना, पोरोस, इद्रा, स्पेत्सेस. आलिमोसच्या मरिनापासून आयिना सतरा-अठरा मैल. अथेन्सभोवतालच्या अत्तिकाच्या भूमीमुळे उन्हाळी वाऱ्याचा जोर इथे बराच अडतो. अडचण आहे ती इद्राच्या छोट्या बंदराची. बोटी एकामागे एक अशा दोन-तीन रांगांत बांधतात आणि सकाळी नांगरांचा गुंता होतो. इद्रा बघायचंच असेल तर बोट एर्मिओनीला लावा आणि फेरीने जाऊन या.

क्रोएशियातलं स्प्लिट, शोल्टा, ब्राच, ह्वार, व्हिस हेही याच पायरीवरचं. मरिनांमध्ये तळाला बांधलेला तयार दोर मिळतो, त्यामुळे नांगराची भानगड कमी. तो दोर पाण्यातून वर काढताना इंजिन न्यूट्रलला असू द्या, नाहीतर पंख्यात जातो आणि पाणबुड्याला बोलवावं लागतं. इथले दोन वारे ओळखून ठेवा. 'युगो' आग्नेयेकडून, ढग आणि पाऊस घेऊन, दोन दिवस आधी सांगून येतो. 'बुरा' ईशान्येच्या डोंगरांवरून कोसळते आणि फार वेळ देत नाही. क्रोएशियात स्किपरच्या परवान्याबरोबर व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्रही लागतं, ते आधीच काढा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ब्रिटिश व्हर्जिन बेटं सोयीची. पुढचं बेट कायम डोळ्यांसमोर, रात्री बांधायला बोया, वारा 15 ते 20 नॉट. बोयाला बांधायला दोन हात पुरतात. त्यातलं अनेगादा बेट मात्र सखल आणि प्रवाळाने वेढलेलं आहे, तिकडे काही कंपन्या जाऊच देत नाहीत. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. ख्रिसमसच्या सुमारास वारा 25 च्या वर जाऊ शकतो.

सेशेल्स भारतातून जवळ म्हणून अनेकांच्या यादीत असतं. माहे बेट ते प्रालँ बेट हा सुमारे 25 मैलांचा टप्पा उघड्या महासागरात आहे. मे ते सप्टेंबर आग्नेय वारा 15 ते 25 नॉट वाहतो आणि लाट कुशीवर येते, नेमकी मळमळ आणणारी. एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मधले महिने शांत. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर याच महिन्यांत आणि कॅटामरानवरच, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या बोटीवरच, जा.

सायक्लेड्स: इथे घाई करू नका

सायक्लेड्स म्हणजे एजियन समुद्रातला ग्रीक बेटांचा समूह, सँटोरिनी त्यातलीच. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर 'मेल्तेमी' नावाचा वारा वाहतो. उत्तरेकडून, स्वच्छ निळ्या आकाशातून, 22 ते 33 नॉट, कधी त्याहून जास्त, आणि सलग तीन-चार दिवस, रात्रीसुद्धा. आपल्या पावसाशी त्याचं नातं आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होऊन कोकणात पाऊस ओढून आणतो, त्याचंच एक टोक पश्चिमेला तुर्कस्तानपर्यंत पोहोचतं. बाल्कनवर जास्त दाब, तुर्कस्तानावर कमी, आणि मधल्या समुद्रावरून वारा सुसाट. ढग नाहीत, वीज नाही, म्हणून नवख्या माणसाला हवा चांगली वाटते. बेटाच्या दक्षिणेला आडोसा घेतला तर पाणी सपाट मिळतं, पण डोंगरावरून कोसळणारे झोत बाहेरच्या वाऱ्यापेक्षा जबर असतात.

आठवड्याच्या चार्टरमध्ये फसगत कशी होते ते बघा. अथेन्सजवळच्या लाव्रिओवरून निघायचं, वारा पाठीशी, दोन दिवसांत पारोस बेट. सगळे खूश. तिथून परतीचं सरळ अंतर सुमारे 64 मैल, आता वारा उजव्या गालावर आणि दोन मीटरची लाट पुढून. गुरुवारी निघता आलं नाही तर शुक्रवार हुकतो, मग विमान हुकू नये म्हणून नको त्या वाऱ्यात बाहेर पडायचा मोह होतो. अपघात या मोहातून होतात. सायक्लेड्ससाठी आमचं मत ठाम आहे: जुलै-ऑगस्ट असेल तर दोन आठवडे आणि चार कामाचे हात, नाहीतर केआ, किथनोस, सिरोसच्या पुढे जाऊ नका. आणि आधी वारा येतो त्या दिशेला चढा, परतीला वारा पाठीशी येऊ द्या. सँटोरिनी बघायची असेल तर फेरीने जा. अथेन्सपासून ती 120 मैलांवर आहे, ज्वालामुखीच्या विवरात पाणी इतकं खोल की नांगर टेकत नाही, आणि तिथलं व्लिखादाचं बंदर लहान आहे.

मधला मार्ग: स्किपर भाड्याने

हात कमी आणि इच्छा मोठी असेल तर पहिले दोन-तीन दिवस स्थानिक स्किपर घ्या. दिवसाला साधारण 200 युरो आणि त्याचं जेवण, शिवाय झोपायला एक जागा त्याला द्यावी लागते, हे केबिन मोजताना विसरू नका. त्याला बोट चालवायला लावू नका. रोज संध्याकाळी बोट तुम्ही लावायची आणि त्याने शेजारी उभं राहून चुका सांगायच्या, हे आधीच ठरवून घ्या.

पैसे भरण्याआधी कंपनीला विचारायच्या गोष्टी

स्किपरच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवून ते त्या देशात चालतं का याचा लेखी होकार घ्या. ग्रीसमध्ये स्किपरशिवाय आणखी एक जाणकार लागतो, त्याचं नाव कळवा. साखळी किती मीटर आहे ते विचारा; 60 च्या खाली असेल तर दुसरी बोट मागा. पुढचा थ्रस्टर, म्हणजे बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा, आहे का? दोनच हात असतील तर त्याचे जास्तीचे पैसे डोळे मिटून द्या. चार केबिनच्या बोटीवर आठ नको, सहा जण घ्या. मुलांचं वजन कळवून त्या मापाची लाइफ जॅकेट बुकिंगच्या वेळीच मागा, कारण शनिवारी संध्याकाळी तळावर मोठ्या मापाचीच उरलेली असतात. न पोहणारी मंडळी असतील तर प्रत्येकाचं जॅकेट शनिवारीच अंगाला बसवून, पट्टे आवळून, त्यावर नाव लिहून ठेवा. अनामत रक्कम किती आणि तिच्यावर विमा मिळतो का, तेही विचारा. सर्वात शेवटी नकाशा पाठवून कोणत्या भागात बोट न्यायला मनाई आहे ते खुणा करून मागवा. कंपनीने लाल केलेल्या जागा नीट बघा. बोटी कुठे मोडतात हे त्यांना दुरुस्तीच्या बिलांवरून कळलेलं असतं.